दाखल क्रमांक

आश्विन लागला की आम्ही पुस्तकं गच्चीवर नेतो.
चार महिन्यांची ओल, पानांत घर केलेली कसर,
एकेकाचं पोट उघडून उन्हाला दाखवायचं.
शिपाई मांजरेकर राखणीला बसतो, हातात काठी;
कावळ्यांना कथासंग्रह फार आवडतात, म्हणतो,
चरित्रांना शिवत नाहीत.

खाली फळ्यावर मी खडूनं लिहिलं:
कोजागरीला दूध. सभासदांनी पेला आणावा.
दिवाळी अंकांची वर्गणी वीस तारखेच्या आत.
रविवारी सकाळी दहाला, अभ्यासिकेत,
आपल्या घोडपदेवचा इतिहास.
जुने फोटो, कागदपत्रं, जे असेल ते आणा.
‘जे असेल ते’ फळ्यावर जागा उरली म्हणून.

फोटो आले.
गणपतीपुढचे, व्यायामशाळेतले,
छात्या फुगवलेल्या, नावं विसरलेली.
नळ गल्लीच्या डावीकडे होता की उजवीकडे
यावरून दोन म्हातारे पाऊण तास भांडले
आणि चहा आला तसा एकाच कपातला अर्धा अर्धा प्यायले.

सगळ्यांत शेवटी शालन घाडी उठल्या.
पिशवीतून पिशवी, पिशवीतून फडकं,
फडक्यातून लांबट वही, लाल कापडी बांधणीची.
“आईची खानावळ होती. सत्यभामा परब.
लोखंडाच्या गोदामामागं, सतरा माणसं, दोन्ही वेळ.
आईला अक्षर येत नव्हतं.”

वहीत एकही शब्द नव्हता.
एका पानावर कात्री: शिंपी.
एकावर नांगर, बोटीचा.
एकावर बासरी; हा कामाला कुठं जायचा कुणास ठाऊक,
रात्री वाजवायचा एवढं खरं.
एकावर नुसतीच वाकडी रेघ: लंगडत यायचा तो.
चिन्हापुढं उभ्या काड्या, जेवणाला एक.
पैसे आले की आडवी रेघ.
मासे असले त्या दिवशी काडीला शेपटी.

अध्यक्ष म्हणाले छान, छान, आणि घड्याळ पाहिलं.
आफ्रीन, जी इथं परीक्षेच्या अभ्यासाला बसते
आणि आज जागा गेली म्हणून माझ्यावर रुसली होती,
तिनं गाईड मिटलं, खुर्ची पुढं ओढली.

एका पानावर छत्री होती.
कोंडविलकरांचं बोट तिथंच थांबलं.
“हा कोण?”
“छत्र्या दुरुस्त करायचा. पाऊस सरला की गावी.”
“दाभोळकडचा?”
“असेल. कुळथाची पिठी मागायचा.”
कोंडविलकर खाली बसले.
नऊ काड्या. दोन शेपटीच्या.
आडवी रेघ नाही.
त्या दसऱ्याला वडील गावी गेले ते तापानं गेलेच.

त्यांनी पाकीट काढलं.
सगळी हयात बँकेत काढलेला माणूस,
उघडं खातं त्यांना बघवेना.
भाव तेव्हाचा की आजचा, व्याज किती,
पावती कुठल्या खात्यावर फाडायची.
“मासे आजच्या भावानं धरू नका,” मांजरेकर म्हणाला,
“पेन्शन जाईल.”
कुणीतरी हसलं. कोंडविलकर नाही.

शालनताईंनी वही आपल्याकडं ओढली.
“पुढल्या मिरगाला आईनं त्यांचं ताट घासून ठेवलं होतं.
राहू दे तसंच.”

संध्याकाळी दाखल रजिस्टर उघडलं.
क्रमांक अठरा हजार चारशे बेचाळीस.
ग्रंथाचं नाव: वही.
लेखक: सत्यभामा परब.
प्रकाशक: कोरं सोडलं.
विषय: आफ्रीन म्हणाली इतिहास, मांजरेकर पाकशास्त्र.
दोन्ही लिहिलं, मधे स्वल्पविराम.
किंमत या रकान्यापाशी पेन अडलं.
मग बारीक अक्षरात:
नऊ जेवणं, येणे.

तेवढ्यात आठवलं, गच्चीवर पुस्तकं तशीच आहेत.
दव पडायच्या आत खाली आणायची.
आम्ही तिघं जिन्यावर, कोंडविलकर मागोमाग,
हात पुढं करून:
“द्या, थोडी माझ्याकडं द्या.”