दोन बोटं जास्त

क्रालेविकाच्या गोदीत मी तिसऱ्या मजल्यावर बसते.
खिडकीखाली समुद्र, आणि पडद्यावर एक जहाज
जे अजून कुठेच नाही.
त्याची लांबी हे एक नाव, रुंदी हे दुसरं.
नावांना आकडे द्यायचे, आकडे एकमेकांना बांधायचे,
म्हणजे लांबी ताणली की फासळ्या आपणहून वाढतील,
डूब बदलली की पत्रा आपणहून जाड होईल,
आणि रात्री दोन वाजता कुणाला उठवावं लागणार नाही.

एवढंच काम. सात महिने चाललंय.

कधी नाती गोल फिरतात.
वजन पत्र्यावर, पत्रा डुबेवर, डूब पुन्हा वजनावर.
पडदा तांबडा होऊन विचारतो, सुरुवात कुठून?
मग मी एक आकडा अंदाजाने रोवते
आणि यंत्र त्याच्याभोवती फेऱ्या घालत
हळूहळू खऱ्यापाशी येतं.
लग्नंही अशीच जमत असतील. माझं नाही जमलं.

ते जाऊ दे. अडले मी एका फटीपाशी.
दुहेरी तळाचा कोपरा,
शेवटची पट्टी आणि बाहेरचा पत्रा यांच्यामध्ये
हिशोबाला नव्वद मिलिमीटर पुरतात.
आमच्या जुन्या आराखड्यांत मात्र सगळीकडे
एकशे अठ्ठावीस.
का, ते कुठेही लिहिलेलं नाही.
आणि 'कारण' हा रकाना रिकामा ठेवता येत नाही.

म्हणून रविवारी चढ चढून श्मृकाला गेले,
बार्बा झ्वानेकडे.
हा माणूस एकतीस वर्षं लाकडी फरशीवर रांगत
जहाजं खडूने पूर्ण मापाची काढायचा.
गुडघे तिथेच ठेवून आला.
अंगणात सार्डिन साफ करत होता.
मी आकडा सांगितला. त्याने मान हलवली,
"आकडा कसला? नव्वद, आणि वर दोन बोटं."
आणि खवल्यांनी चमकणारी दोन बोटं दाखवली,
मधलं आणि करंगळीशेजारचं.
तर्जनी पत्रा वाकवायच्या रुळांनी नेलेली.

दोन बोटं कशाची?
"बुरा सुटते तेव्हा खाली ये कधी जानेवारीत.
लोखंड कातडीला चिकटतं.
वेल्डर दोन मोजे घालतो, एकावर एक,
आणि तो हात त्या कोपऱ्यात जायला हवा.
नाही गेला, तर सांधा डोळे मिटून होतो.
डोळे मिटून केलेला सांधा
समुद्र डोळे उघडे ठेवून शोधतो."

म्हणजे त्या दोन बोटांत स्वर्ग नव्हता,
हातमोजा होता.

सोमवारी मी एकशे अठ्ठावीस खोडले.
नवं नाव मांडलं: हात.
दुसरं: मोजा.
फट म्हणजे हात, अधिक मोज्याचं दुप्पट, अधिक थोडी हालचाल.
मग आठवलं, हात कुणाचा?
खाली आता बार्बाची माणसं नाहीत.
फूटपट्टी घेऊन उतरले.
तिलविक्रम घर्ती, रोल्प्याचा, दोन वर्षं झाली इथे,
मुखवटा वर करून हसला,
"दिदी, अंगठी करताय का?"
मी म्हटलं, जहाज.
त्याने हात पसरला. तळव्याला जुने भाजल्याचे डाग.
मग दुसऱ्याचा मोजला, मग तिसऱ्याचा.
रांग लागली, मुकादम ओरडला.

सर्वांत मोठा हात एका बुटक्या पोऱ्याचा निघाला.
तोच घातला.

आकडा तीन मिलिमीटरनी सरकला
आणि पडद्यावर चारशे अकरा तुकडे
एकामागून एक हलले,
झोपेत कुणी कूस बदलावी तसे.
पट्ट्या सरकल्या, भोकं सरकली,
वजन अकरा किलोंनी वाढलं, डूब जवळजवळ नाही.
कुठेही तांबडं झालं नाही.

'स्रोत' या रकान्यात लिहिलं,
झ्वाने, निवृत्त, श्मृका. तोंडी.
यंत्राने विचारलं, दस्तऐवज क्रमांक?
मी बराच वेळ बघत राहिले.

बाहेर बुरा नव्हती. जून होता.
खाली कुणीतरी उघड्या हाताने शिट्टी वाजवत
पत्र्यावर खडूने काहीतरी काढत होतं.