पाणी कुठलं

आठशे चाळीस रुपये. अडीचशे मिली.
शिकवणीच्या पैशातून. दादांना आकडा सांगितला नव्हता.
खोक्यात भुसा, भुशात मखमली पिशवी,
पिशवीत ती : गोल पोटाची, आखूड मानेची,
बुचावर लाखेसारखं प्लास्टिक,
तळाशी कोरलेलं,
पाच हजारांपैकी एक हजार नऊशे सात.
आत निळं.
परभणीत इतकं निळं मी फक्त मोरचूद पाहिलंय.

'सातवा बुरूज'मध्ये हीच बाटली कमरेला असते.
भाला लागला, लाल पट्टी नखाएवढी उरली,
की उघडायची.
प्यायला दोन सेकंद लागतात.
त्या दोन सेकंदांत ढाल उचलता येत नाही, पळता येत नाही,
मान वर करून नुसतं उभं राहायचं,
आणि समोरचा येतच असतो.
मी जितक्या वेळा मेले
त्यातल्या निम्म्या वेळा पिताना.

सील राहिलं तर वर्षात दुप्पट, अझीम म्हणाला होता.
फोडलं, की नुसती बाटली.

दादांनी ती उजेडात धरली, उलटी केली,
काचेवर अंगठा फिरवला, केसाएवढा तडा शोधतात तसा.
वसमत रोडवर एकतीस वर्षं गोटी सोडा.
"गोटी कुठाय हिची?"
"नसते हिला."
"मंग गॅस कसा धरती?"
"गॅसच नाही दादा."
जरा थांबून, हळू आवाजात :
"आजारी मान्साची हाय काय?"
म्हटलं, एका अर्थी.

वीज गेली तेव्हा फोडली.
का, ते नीट सांगता येणार नाही.
माझ्या मार्कशीटकडंसुद्धा त्यांनी
इतका वेळ पाहिलं नव्हतं.

त्यांनी आधी चूळ भरली.
वास घेतला. घोट जिभेच्या कडेला ठेवला, गिळला नाही.
मान वर, डोळे मिटलेले.
मी नको असताना मोजलं : एक.
दोन.
बाहेरून फक्त भंगारवाला ओरडत गेला.

"लिंबूसत्त्व जास्त झालंय.
साखर न्हाई, ती दुसरी, जिभंच्या मागं चिटकणारी.
जांभूळ म्हनून इकतेत, जांभूळ न्हाई.
मीठ टाकलंय चिमूटभर, ते बेस केलं.
पानी कुठलं हाय?"

लेबलवर बुरूज होता, काटेरी वेल होती,
कुठल्याच देशात नसलेल्या लिपीतली एक ओळ होती
(ती मला वाचता येते).
पाणी कुठलं, ते नव्हतं.

"नव्वद हिस्से पानी आसतंय माय,
आन् त्याचंच नाव न्हाई."

येलदरीचं जड. बोअरचं मचूळ.
टँकरचं, टँकर कुठं भरला त्यावर.
एका उन्हाळ्यात लोकांनी तीन क्रेट परत आणले,
तेव्हापासून ते पाणी आधी चाखतात,
मग मशीनला हात लावतात.

मला काय लागलं?
खोकल्याचं औषध, पेन्सिलचं टोक,
मागून काहीच नाही.
दोन वर्षं वाट पाहिलेली चव
स्टीलच्या पेल्याच्या तळाला कोमट होत गेली.

उरलेलं त्यांनी टाकलं नाही.
गोटीच्या बाटलीत ओतलं, वर आपलं पाणी,
मशीनला लावून हँडल फिरवलं.
टक्‌.
गोटी मानेत बसली.
"आता पी."
नाकात गेलं, डोळ्यांतून आलं,
खोकता खोकता मी खाली बसले
आणि ते हसत होते, दात निळे, हिरड्या निळ्या.
संध्याकाळी गिऱ्हाइकं विचारत होती, जिभेला काय झालं?
"नमुना चाखला," एवढंच.

एक हजार नऊशे सात
धुऊन क्रेटमध्ये पालथी घातली आहे.
तिच्यात काही भरता येणार नाही, त्यांना माहीत आहे.
पण काच ओली ठेवायची नसते.

रात्री पुलावर तोच भालेवाला.
पट्टी नखाएवढी. मी बटण दाबलं.
माझा शिपाई थांबला, मान वर केली,
आणि आज पहिल्यांदा मी भाल्याकडं नाही,
त्याच्या गळ्याकडं पाहत राहिले.
घोट खाली उतरेपर्यंत
पाणी कुठलं, हे काही त्याला कळलं नसणार.

परत पुलापासून.