धरून चालू

ग्ल्दानीतल्या सोळा मजली इमारतीचं तळघर.
खांब क्रमांक सातच्या पोटाला मी हातोडी टेकवते.
स्प्रिंग सुटते, काटा उसळतो: एकतीस.
वीतभर खाली: चोवीस.
एकाच खांबाची दोन वयं.

बद्री टॉर्च धरून उभा. पूर्वी ट्रॉलीबस चालवायचा,
आता समितीचा अध्यक्ष, म्हणजे
लिफ्टच्या डब्यातली नाणी मोजतो.
"आकडा सांगा, कल्बातोनो खातुना. किती पेलेल?"

ऑफिसातल्या संगणकाला मी शिकवलेत
चारशे बारा खांब.
रुंदी, उंची, सळ्या, दोन कड्यांमधलं अंतर,
आणि शेवटच्या रकान्यात: कितीला मोडला.
सगळे प्रयोगशाळेत, दाबयंत्राखाली,
जेवणाच्या सुट्टीआधी मोडलेले.
त्यातला एकही चव्वेचाळीस वर्षं
कुणाच्या सायकली टेकवून घेत उभा नव्हता.
मोडणं संगणकाला तोंडपाठ.
उभं राहण्याचं विचारलं की तो दशांशात बोलतो.

ताकदीचं एक वेळ जमवता येईल.
ओझ्याचं काय?
वही घेऊन मजले चढते, कारण नाणी बद्रीपाशी आहेत
आणि बद्री खाली आहे.

तिसरा: बाल्कनी पुढे ओढून केलेलं स्वयंपाकघर.
पाचवा: बुधल्यांत दीडशे लिटर वाईन.
मालक म्हणतो, ईस्टरपर्यंत निम्मी होईल, तशी नोंद करा.
नववा: पाणी जातं म्हणून कायम काठोकाठ बाथटब,
त्यात एक प्लास्टिकचं बदक.

अकराव्यावर झुझुना. गालिच्यात चार खाचा.
"इथे पियानो होता. विकला. वजा करा."
मी वजा करते.
"खांबाला हलकं वाटलं असेल का हो?"
मी समजावू लागते:
ओझं काढलं तरी दबलेलं काँक्रीट
पूर्ण परत येत नाही, थोडं आखूडच राहतं.
ती मान हलवते, आणि चहाला साखर किती विचारते.

बाराव्यावर लेवानला आणखी एक खोली हवी.
बायकोला सातवा महिना.
"तीन किलोचं तर असेल ते," तो म्हणतो,
आणि विटांचा हिशेब काही केल्या काढत नाही.

आठवा मजला मी शेवटी ठेवला.
दार माझंच.
आतली खोली वडिलांनी बांधली, त्र्याण्णवच्या हिवाळ्यात,
वीज नसताना, मेणबत्तीवर,
कुठूनसे आणलेले ट्रामचे रूळ भिंतीतून बाहेर काढून.
नकाशा नाही. गणित नाही.
रूळ धरतील असं धरून चालले, बस.
माझा पलंग तिथे आहे,
खांबाच्या मध्यापासून दोन मीटर चाळीस.
सूत्रातल्या विकेंद्रतेवर
मी एकवीस वर्षं उशी ठेवून झोपते.

पलंगावर बसून रकाने भरते.
वापर: शयन. क्षेत्रफळ: बारा चौरस मीटर.
माणसं: एक. वजन: अठ्ठावन्न.
खोडते.
नियमावली म्हणते, मीटरला दीडशे किलो धरा,
माणूस असो वा नसो.
म्हणजे अठराशे.

जिन्यातून बद्रीची हाक: आला का आकडा?

अठराशे.
एवढी मी नाही.
धरते.