सहा वर्षांचं मूळ

बायणाच्या चढावर माझं औषधांचं दुकान.
शटर अर्धं वर गेलं की वाकून आत येते
एस्पेरांसाबाय. आज तिच्या कुशीत
नवऱ्याच्या जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेली बरणी.

बरणीत माणूस.
दोन पाय, एक वाकडा हात, दाढीसारख्या बारीक मुळ्या,
मधाच्या रंगाच्या पाण्यात उभा,
न्हाताना कुणी दार उघडावं तसा अवघडलेला.

"फेर्मीनान बुसानसून हाडलां. जिनसेंग.
हें घेतल्यार ताप येना म्हणटा. खरें गे?"

लेबलावर गोल, चौकोन, काड्या.
आम्ही चष्मे अदलाबदल करून पाहिले.
काड्याच राहिल्या.

ऑगस्ट. मांगोरहिलपासून साड्यापर्यंत
एकच खोकला घरं बदलत फिरतोय.
गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, इम्युनिटीचं काहीतरी द्या,
पाव किलो शेव मागावी तसं.
मी देते. बिल करते. रात्री मला झोप येत नाही.

त्या रात्री वाचत बसले.
उंदरांना फ्लू दिला, काहींना या मुळाचा अर्क दिला,
अर्कवाले जास्त तगले.
माणसांत मात्र गडबड:
कुठे हिवाळ्यात सर्दी थोडी कमी झाली,
कुठे काहीच फरक नाही.
"कदाचित" हा माझ्या धंद्यातला सगळ्यात खरा शब्द,
त्याची गोळी कुणी काढत नाही.

आणखी एक वाचलं, जे मी शोधत नव्हते:
हे मूळ सहा वर्षं काळ्या जाळीखाली वाढवतात,
उन्हाशी थेट भेट नाही.
उपटलं की ती जमीन कित्येक वर्षं
दुसरं जिनसेंग नीट रुजू देत नाही.
मातीला कुणाचा तरी चेहरा लक्षात राहतो.
रक्तातही असंच काहीसं चालतं,
एकदा आलेला पाहुणा
दुसऱ्यांदा दारातच ओळखला जातो.

मीही ओळखते. माझ्या खणात तिचं पाकीट आहे:
बांबोळीला बसवलेली झडप, रक्त पातळ ठेवणारी गोळी,
रोज संध्याकाळी एक, आठ वर्षं.
या मुळानं तिचा जोर उतरू शकतो.
म्हणून सकाळी म्हटलं,
"बाय, हें तुका नाका."

ती बरणीकडे बघत राहिली.
"मागीर फेर्मीनाक कितें सांगूं?"

महामारीच्या साली फेर्मीनचं जहाज
मुरगावच्या बाहेर एकवीस दिवस नांगर टाकून उभं होतं.
उतरायला परवानगी नव्हती. गॅलीत तो दोनशे माणसांचा भात शिजवायचा
आणि ही रात्री साड्याच्या कड्यावर टॉर्च घेऊन.
तीनदा चालू, तीनदा बंद.
तिकडून कुठलातरी एक दिवा
तसाच करायचा. तोच होता का,
हे तिनं कधी विचारलं नाही.

त्यानंतर पहिल्या सफरीत त्यानं हे मूळ घेतलं.
किंमत सांगितली नाही.
एवढ्या पैशांत घराचं पत्र्याचं छप्पर झालं असतं,
असा तिचा अंदाज.

आता बरणी माझ्या दुकानात,
खोकल्याच्या सिरपच्या वरच्या फळीवर.
चिठ्ठी लावलीय: विक्रीसाठी नाही.
दर शनिवारी मी दोन चमचे काढते
आणि मागच्या दारच्या कढीलिंबाला घालते,
कारण रविवारी फेर्मीनचा व्हिडिओ कॉल येतो
आणि त्याला पातळी बघायची असते.
ती बरणी चेहऱ्याजवळ धरते, म्हणते,
"पळे, कितें उणें जालें!"
तो तिकडे कुठल्यातरी समुद्रावर
हसतो, नेटवर्क जातं,
हसू तसंच गोठून राहतं.

गेल्या आठवड्यात तिला शिंका आल्या. दोन दिवस.
तिसऱ्या दिवशी चढ चढून आली, पाकीट घेतलं,
बरणीतल्या माणसाला मान हलवून
निघून गेली.
त्याचे खांदे आता पाण्याबाहेर आलेत.
कढीलिंब बरा आहे.