एकशे बासष्ट रुपये

जाऊन-येऊन एकशे दोन, मी लिहिलं.
मुंगींनी लाल पेनाने चौऱ्याऐंशी केलं.
‘इंदूर–देपालपूर, चार्टात बेचाळीस.
अठ्ठ्याण्णव सालचा चार्ट आहे, सहीशिक्क्याचा.’

म्हटलं, गंभीरवरचा पूल बंद होता,
बेटम्याकडून वळसा पडला,
मागे वीस-वीस किलोची पंचवीस वजनं,
व्हॅन खड्ड्याखड्ड्याला ‘आई गं’ म्हणत होती.

‘पूल बंद असल्याची पावती?’

पुलाची पावती.

मी धरमकाटे तपासतो.
सोयाबीनचा चाळीस टनी ट्रक चढला
की वीस किलो इकडेतिकडे आम्ही सोडून देतो.
लोखंड उन्हात फुगतं, टायरला चिखल असतो,
ड्रायव्हर कधी उतरतो, कधी झोपलेला असतो.
तेवढी सूट काट्याला असते.

अठरा किलोमीटर, नऊच्या दराने
एकशे बासष्ट.
भांडायची लाज वाटते,
न भांडायची जरा जास्त.

संध्याकाळी स्टँडवर मुंगी
सायकलच्या कुलपाशी झटत होते.
सुखलियाहून येतात, रोज, पाऊण तास,
एकतीस वर्षं.
‘तुम्हाला याचं काही मिळतं का हो?’

‘घर ते ऑफिस हा प्रवास नव्हे.
नियम सात.’
त्यांनी पँटीला चिमटा लावला,
डबा हँडलला अडकवला,
आणि टांग टाकता टाकता विचारलं,
‘उघडला का पण तो पूल?’