आकडा

गुरुसिद्धच्या हातात आकडा,
आडत्याच्या मोबाइलवरही आकडा.
एक पोत्यात घुसतो.
दुसरा कशात घुसतो ते दिसत नाही,
पण सकाळपासून तीन गाड्या
ताडपत्री न सोडता उभ्या आहेत.

कुठल्याशा समुद्रात, म्हणे, जहाजं अडलीत.
गुरुसिद्धने समुद्र पाहिलेला नाही,
सिहोरचा गहू मात्र तो पाठीनं ओळखतो:
शरबती गप्प बसतो,
लोकवन मानेला टोचत राहतो.

हा ज्वारीचा मुलूख.
गहू इथं सणाचा पाहुणा,
पुरण संपलं की निघायचा.
आता ट्रक भरभरून येतो
आणि जायचं नाव काढत नाही.

चार वाजता आडत्यानं मान वर केली:
"उतरव. क्विंटलमागं साठ वाढले."
हमाली तीच.

दिवेलागणीला गाळा झाडताना
चन्नव्वा पसाभर सांडलेलं पाखडून घेते.
कुठल्या देशानं दारं लावली,
तिच्या सुपाला पत्ता नाही.
त्याला खडे कळतात.

घरी धाकटी चपाती पुढं सरकवते.
गुरुसिद्ध कडक भाकरी मोडतो,
चटणीत बुडवतो.
"दिवसभर खांद्यावर हाय की,
पोटात कशाला आणि?"