सावल्या बंद

स्क्रीनच्या कोपऱ्यात हिरवा आकडा: अकरा.
साठ हवा होता.
गाडी वळणावर येते, थबकते,
मग एकदम कठड्यात घुसलेली दिसते.
मधलं काहीच मला दाखवलं जात नाही.

आधी सावल्या बंद केल्या.
मग गवत. मग पाण्यातलं आभाळ.
फुटपाथवरची माणसं काढली,
दुकानांच्या पाट्या पुसट झाल्या, डोंगर शाडूचे.
आकडा चौदा.
ड्रायव्हर नवा टाकला, जुना परत आणला,
मागं चालणारं सगळं एकेक करून मारलं,
अँटिव्हायरसची माफी मागून त्याला झोपवलं.
सुमेध म्हणाला, रॅम वाढव.
रॅमच्या पैशात आमच्याकडं महिन्याचा किराणा येतो,
म्हणून नेमकी तेव्हाच रेंज गेली माझी.

पाच मिनिटं बरा चालतो, सहाव्याला बसतो.
रोज सहाव्यालाच.
हे कळायला मला नऊ रात्री लागल्या,
आणि तापमान बघायचं सुचायला दहावी.
शहाण्णव.

सिंधी बाजारात वसीभाईनं लॅपटॉप पालथा घातला,
तेरा स्क्रू चहाच्या बशीत.
पंख्यामागं काळी गादी, बोटाएवढी जाड.
"कापूस नाय हा,"
म्हणून फुटक्या स्पीकरमधलं चुंबक जवळ नेलं.
गादी उभी राहिली.
केसाळ, सगळी एका दिशेला.
"लोहा है बेटी. कुठं राहते, चंदनझिऱ्यात? मग बरोबर.
मिलवाले घरपोच देतात."

सोन्याचा पाळणा म्हणतात जालन्याला.
आमच्या दोरीवरचे बनियन संध्याकाळपर्यंत करडे.

ब्रशनं झाडलं, फुंकलं,
चिपवर मुगाच्या दाण्याएवढी पेस्ट ठेवली.
"ही कमजोर नाय. तापली की आपणहून हळू होती,
नायतर जळून जाईल. तू समजली आळशी."
तीनशे रुपये.
चुंबक मागितलं तर तेही दिलं.

घरी पप्पा सेकंड शिफ्टहून आलेले.
भट्टीवरून उतरले की जेवणही हळू;
एक घास, मग बराच वेळ ताटाकडं बघणं.
"कामून थांबलात? भाकर गार व्हायलीय," आई म्हणते.
रोज म्हणते.
मीही म्हणायची.

खुंटीवर त्यांचा शर्ट होता.
खिशाशी चुंबक नेलं.
कापड किंचित पुढं आलं.
बाहीशी नेलं. कॉलरशी नेलं.
मग दप्तरात टाकलं, आतल्या कप्प्यात,
आणि चेन लावली.

रात्री गोधडी काढून लॅपटॉपखाली पाट ठेवला.
साठ. एकसष्ट.
सहावं मिनिट. सातवं.
मला टाळी द्यायला कोणी नव्हतं, स्वतःलाच दिली.
मागं पप्पा उभे, टॉवेलनं मान पुसत.
"एवढा मोठा रस्ता, अन् माणूस कसं नाही एक?"
म्हटलं, मीच बंद केली.
"चालू कर की."

गवत चालू केलं. पाण्यातलं आभाळ.
माणसं आली, बिनकामाची, इकडून तिकडं.
शेवटी सावल्या.
आकडा त्रेचाळीसवर उतरला.
पप्पा पाटाशेजारी खाली बसले.
"हळू घे ना जरा," म्हणाले,
"ती कोपऱ्यावरची टपरी दिसू दे."